उजव्या डोळ्याने निळा, डाव्या डोळ्याने पांढरा

माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेल्या ऑगस्टमध्ये झाली आणि डाव्या डोळ्याची अजून व्हायची आहे. ही घरगुती बाब मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पेंचच्या जंगलालगत आकाश पाहण्यात आम्ही जी रात्र घालवली, तिचा निम्मा अनुभव आम्हाला या दोन असमान डोळ्यांमुळेच मिळाला.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एम्प्रेस मिलच्या रंगखात्यात त्यांनी एकतीस वर्षे काढली. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली, तेव्हा बाबा पंचावन्न वर्षांचे होते आणि दुसरे काम शोधण्याच्या मनःस्थितीत नव्हते. रंगखात्यात त्यांचे काम शेड जुळवण्याचे होते. नमुन्याची चिंधी आणि नुकताच रंगवून आलेला कापडाचा तुकडा उत्तरेकडच्या खिडकीशी शेजारी-शेजारी धरायचे आणि रंग बसला की नाही हे सांगायचे, एवढेच ते काम. पण त्यांच्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर अख्खा घाणा पुन्हा रंगवला जाई किंवा पुढे जाई. घरी आईने कोणतीही साडी आणली की ती प्रथम त्या दृष्टीखालून जात असे, आणि दुकानदाराने सांगितलेल्या रंगाचे नाव त्यांना सहसा पटत नसे.

या सगळ्याचा तारे पाहण्याशी काही संबंध असेल असे आम्हाला कोणालाच वाटले नव्हते. निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. दिवाळीपूर्वी तो पुण्याहून आला होता आणि त्याला घेऊन आम्ही गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात गेलो होतो. ज्यांच्या नावाने हे केंद्र आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण सरकारी अर्थखात्यात असताना काही काळ नागपुरातही नोकरीला होते, ही गोष्ट नागपूरकर पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाहीत; मीही भाच्याला सांगितली आणि त्याने अपेक्षेप्रमाणे दुर्लक्ष केले. केंद्र १९९२ साली सुरू झाले आणि तेथील तारांगण १९९७ साली. बाबांना तो परिसर विज्ञानासाठी नव्हे, तर गिरणीसाठी परिचित. कारण तलावाच्या आसपासचे सगळे रस्ते त्यांनी पाळीच्या वेळा सांभाळत सायकलने तुडवलेले. तारांगणातला प्रयोग संपला, घुमटावरचे तारे विझले, दिवे लागले, तेव्हा बाबांनी खुर्चीतून न उठताच विचारले, “हे जे दाखवून राहिले होते, त्यातलं खरं किती?”

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. तारांगण आणि वेधशाळा यांतला फरक आपल्याकडे पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही स्पष्ट नसतो. तारांगणात गेलो म्हणजे दुर्बिणीतून तारे पाहिले असे ते सहज म्हणतात. तारांगणात छतावर प्रक्षेपकाने आकाश उमटवलेले असते. ते अचूक असते, पण असते चित्रच. वेधशाळेत प्रत्यक्ष ताऱ्यावरून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो. मी हे बाबांना सांगितले, त्यावर ते एवढेच म्हणाले की चित्रावरून शेड जुळवता येत नाही, माल समोर लागतो.

माल कुठे पाहायला मिळेल याचा शोध माझ्या मुलाने घेतला. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असा दर्जा मिळालेले ते भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे ठिकाण. यासाठी जंगल जसेच्या तसे ठेवून भागले नाही. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या बफर क्षेत्रातल्या गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचे तोंड जमिनीकडे करण्यात आले. दिवा आभाळाकडे उजेड फेकत असेल तर तो उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरतो आणि आकाश दुधट होते, हे कारण. बेझनबागेतल्या आमच्या गच्चीवरून मी एकदा मुद्दाम तारे मोजले होते. चाळिसाच्या आत मोजणी संपली, आणि त्यातला एक नंतर विमान निघाला.

आम्ही आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख घेतली होती. त्या दिवशी सकाळपासून ढग होते, दुपारी पाऊस आला आणि चार वाजता कार्यक्रम रद्द झाल्याचा फोन आला. वाईट वाटले, परंतु हा या छंदाचा अविभाज्य भाग आहे असे आता माझ्या लक्षात आले आहे. वाघ पाहायला गेलेला माणूस निदान हरणे पाहून परततो, ढगाळ रात्री मात्र काहीच पदरी पडत नाही. पुढची तारीख निवडताना मुलाने पंचांग उघडले आणि अमावास्येच्या जवळचा शनिवार काढला. दुर्बिणीतून चंद्र पाहायचा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमी उत्तम, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात. पण अंधूक गोष्टी पाहायच्या असतील तर चंद्र नको. आम्ही चंद्र सोडला. अशा रीतीने २२ नोव्हेंबर २०२५, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, हा दिवस ठरला.

दुपारी तीन वाजता आम्ही निघालो. कामठी, कन्हान, मनसर असा जबलपूरचा रस्ता, मग पवनीच्या फाट्यावरून डावीकडे सिल्लारीकडे. सोबत दोन शाली, बाबांची कानटोपी, गरम पाण्याचा थर्मास, पोळ्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. नोव्हेंबरातली रात्र घरात फारशी थंड वाटत नाही. उघड्या माळावर तीन तास न हलता उभे राहिल्यावर ती वेगळीच लागते. मी स्वतः स्वेटरवर भागवले आणि नंतर पस्तावले.

सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळला. अंधार पडण्यापूर्वी पोहोचण्याची सूचना आम्हाला आधीच मिळाली होती, आणि तिचे कारण तिथे गेल्यावर कळले. एकदा लोकांचे डोळे अंधाराला सरावले की उशिरा येणाऱ्या एका गाडीचे हेडलाइट सगळ्यांची मेहनत वाया घालवतात. आम्ही पंधरा-सोळा माणसे होतो. मार्गदर्शक जवळच्याच गावातला पंचविशीचा तरुण होता. त्याने सगळ्यांना मोबाइल बंद करून खिशात ठेवायला सांगितले आणि स्वतःच्या टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळलेला दाखवला. अंधारात पाहणाऱ्या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फार थोडा होतो, म्हणून तो चालतो. पांढऱ्या उजेडाचा एक झोत मात्र अर्ध्या तासाची कमाई घालवतो. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग कळतो, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि त्या पूर्ण जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटे, वयस्कर माणसाच्या बाबतीत त्याहून अधिक वेळ लागतो. हे ऐकून बाबांनी खुर्ची मागून घेतली आणि डोळे मिटून बसले. बाकीचे लोक मात्र अंधारात काय करावे हे न सुचून अस्वस्थपणे बोलत राहिले. एका गृहस्थांनी तर दहा मिनिटांत दोनदा फोन काढून वेळ पाहिली, आणि दोन्ही वेळा त्यांच्याभोवतालच्या चार-पाच जणांनी एकाच सुरात उसासा टाकला.

पश्चिमेला द्वितीयेची कोर होती. ती सातच्या सुमारास झाडांमागे गेली आणि त्यानंतर आकाश अक्षरशः भरत गेले. मी पन्नाशीला आले आहे आणि आकाशगंगा मी लहानपणी आजोळी, काटोलकडच्या खेड्यात पाहिली होती अशी माझी समजूत होती. ती आठवण खरी की ऐकीव, याची मला आजवर खात्री नव्हती. ती खरी होती. दक्षिणेच्या क्षितिजावर मात्र झाडांच्या वर पिवळसर उजेडाची एक फिकट कमान दिसत होती. पहाट इतक्या लवकर आणि त्या दिशेला कशी, असे एका मुलीने विचारले. ते नागपूर होते.

मार्गदर्शकाने आधी दुर्बिणीला हात लावू दिला नाही. पाऊण तास त्याने नुसत्या डोळ्यांनीच आकाश दाखवले आणि तो भाग मला सर्वांत व्यवस्थित वाटला. मूठ वळून हात ताठ केला की मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते; नागपूरचा अक्षांश एकवीस अंश, म्हणून उत्तर क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की ध्रुवतारा. सगळ्यांनी मुठी वर केल्या, आणि ध्रुव अगदी क्षुल्लक वाटला. तो सर्वांत तेजस्वी तारा असणार हा समज शाळेपासून आमच्या डोक्यात बसलेला होता. मग उत्तरेला उंच शर्मिष्ठा, तिच्या जवळ देवयानी, आणि पूर्वेकडे ययाती. पाश्चात्त्यांच्या कॅसिओपिया, अँड्रोमीडा आणि पर्सियस यांना मराठीत ही नावे देणाऱ्यांनी एक अख्खे कुटुंब, त्यातल्या भांडणासकट, आकाशात शेजारी-शेजारी बसवून ठेवले आहे. आमच्यातल्या एका आजींनी लगेच विचारले, “मंग देवयानीचा बाप कुठी आहे?” देवयानीचे वडील शुक्राचार्य, तेव्हा प्रश्न शुक्राचा होता. तरुणाने क्षणभर विचार करून सांगितले की शुक्र सध्या पहाटे सूर्याच्या अगदी जवळ उगवतो, त्यामुळे दिसत नाही. “म्हणूनच दोघींचं फावलं,” आजी म्हणाल्या.

त्यानंतर रांग लागली. दुर्बीण आरशाची होती. खाली मोठा अंतर्गोल आरसा, वर छोटा तिरपा आरसा आणि नळीच्या वरच्या टोकाशी बाजूला आयपीस, ज्यात वाकून पाहायचे. पहिला मान शनीचा. तो दक्षिणेला बराच उंच आला होता आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात पाठ्यपुस्तकातले कडे घातलेले चित्र होते. प्रत्यक्षात दिसला तो एक लहानसा फिकट पिवळा गोळा आणि त्याच्या आरपार खुपसलेली सुई. रांगेत नाराजी पसरली. एकाने दुर्बीण नीट लावली नसल्याची शंकाही बोलून दाखवली.

दुर्बीण नीट होती. शनीच तसा होता. पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीत सुमारे पंधरा वर्षांनी एकदा येते. तशी ती २३ मार्च २०२५ रोजी आली होती आणि नोव्हेंबरच्या या दिवसांत कड्यांचा कल पुन्हा जवळजवळ शून्यावर आला होता. कडी आडवी सुमारे २,८०,००० किलोमीटर पसरलेली आहेत, पण त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही नाही; त्यामुळे कडेने पाहिले की ती रेषेइतकी बारीक होतात किंवा लहान दुर्बिणीत दिसेनाशी होतात. गॅलिलिओला १६१० साली शनीच्या दोन बाजूंना दोन कानांसारखे काहीतरी दिसले होते आणि १६१२ साली पाहिले तर ते नाहीसे झालेले; तोही गोंधळला होता. मला स्वतःला ती सुई कड्यांच्या चित्रापेक्षा अधिक आवडली. कडी असलेला शनी आपण इतका पाहिलेला असतो की दुर्बिणीत तो दिसला तर आपण फक्त ओळख पटवून बाजूला होतो. ही सुई मात्र नवीन होती आणि ती पाहावी लागत होती. मुलांना असे दाखवणारे कार्यक्रम कड्यांशिवायच्या शनीबद्दल आधी दोन शब्द सांगत नाहीत, हे मला चुकीचे वाटते. कडी पूर्ण उघडलेली कधी दिसतील असे कोणीतरी विचारले. २०३२च्या सुमारास, असे उत्तर आले. “तेव्हा मी पंच्याऐंशीचा असेन,” बाबांनी अंधारातून हिशेब सांगितला, “तारीख लिहून ठेवा.”

रांगेत प्रत्येक माणूस आयपीसपाशी किती वेळ थांबतो हे मी मनातल्या मनात मोजत होते. बहुतेकांचे ‘दिसला, दिसला’ आठ-दहा आकड्यांत आटोपत होते. बाबांची पाळी आली तेव्हा प्रथम त्यांना काहीच दिसले नाही. चष्मा काढून पाहायचे की घालून, हे ठरेना. वाकताना कंबर साथ देईना. डोळा आयपीसच्या नेमक्या जागी येईना, आणि आला की श्वासाने काच धूसर होई. मागची मंडळी चुळबुळ करू लागली, तेव्हा मीच ओशाळून त्यांना बाजूला व्हायला सांगितले. मार्गदर्शकाने ते होऊ दिले नाही. त्याने एक स्टूल आणले, बाबांना बसवले, चष्मा काढायला लावला, दुर्बिणीचा फोकस त्यांच्या डोळ्यासाठी नव्याने जुळवला आणि मागच्यांना शांतपणे सांगितले की आजोबा पाहतील, मग आपण. शनी त्यांना दिसला, सुईसुद्धा दिसली, आणि बाजूचा बारीक ठिपका म्हणजे त्याचा चंद्र टायटन हे त्यांनी सांगायच्या आत विचारून घेतले.

देवयानी तारकासमूहातल्या दीर्घिकेने, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या एका विराट ताऱ्यांच्या समूहाने, मात्र त्यांची निराशा केली. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ही दीर्घिका त्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही धुरकट डागासारखी दिसत होती. दुर्बिणीत तो डाग मोठा झाला, मध्यभागी थोडा उजळ, कडा विरत गेलेल्या. पण रंगाचा मागमूस नाही. छायाचित्रांत तिच्या निळ्या-गुलाबी भुजा पाहिलेल्या सर्वांना हा धक्का बसतो. कॅमेरा मिनिटेच्या मिनिटे, कधी तासन्‌तास प्रकाश साठवत राहतो. डोळ्याला तशी साठवण करता येत नाही, आणि इतक्या मंद प्रकाशात केवळ दंडपेशीच काम करत असल्याने दिसते ते सगळे राखाडी. बाबांनी मान वर करून निर्णय दिला, “हे तर कोरं कापड आहे. रंगखात्यात आलंच नाही अजून.”

थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली तर डाग अधिक मोठा दिसतो, कारण पडद्याच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्या भोवताली असतात, असे त्या तरुणाने समजावले. मला ते जमायला पाच-सहा प्रयत्न लागले. पाहायचे त्याच्याकडे पाहायचे नाही, हे डोळ्याला पटतच नाही. बाबांना ते पहिल्याच फटक्यात जमले. शेड जुळवताना एकाच तुकड्याकडे टक लावून बसले की डोळा थकतो आणि खोटे बोलू लागतो, म्हणून नजर टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची, ही सवय त्यांना होती.

रात्रीचा खरा प्रसंग त्यानंतर घडला, आणि तोही केवळ रांग पातळ झाल्यामुळे. निम्मे लोक जेवायला गेले होते. मार्गदर्शकाने बाबांना विचारले की रंगच पाहायचे असतील तर तारे पाहता का. पश्चिमेला हंस हा तारकासमूह उतरत होता. त्याच्या चोचीच्या जागी असलेला तारा नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, दुर्बिणीत मात्र त्याचे दोन होतात. पाश्चात्त्य नाव आल्बिरिओ. त्यातला मोठा सोनेरी-पिवळा आहे, त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,३०० केल्विन. धाकटा निळा, त्याचे सुमारे १३,००० केल्विन. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते, त्याच न्यायाने अधिक तापलेला तारा निळ्याकडे झुकतो. तारे तेजस्वी असल्यामुळे इथे शंकूपेशींना काम करण्याइतका उजेड मिळतो, म्हणून रंग दिसतात.

बाबा स्टुलावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आठ-दहा आकड्यांची माझी मोजणी दोनशेच्या पुढे गेली. मग त्यांनी डोके हलवले, डावा डोळा लावला, पुन्हा उजवा लावला, पुन्हा डावा. “पिवळा दोन्हीकडून सारखाच दिसून राहिला,” ते म्हणाले. “धाकटा मात्र उजव्यानं निळा आहे. डाव्यानं पाहिला की धुतलेल्या पांढऱ्यासारखा. कोणता बरोबर?”

मार्गदर्शकाला हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता हे उघड होते. त्याने स्वतः पाहिले, मी पाहिले. आम्हा दोघांना दोन्ही डोळ्यांनी निळाच दिसला, जरी मला तो निळा म्हणण्यापेक्षा निळसर पांढरा म्हणावासा वाटला. मग त्याने एक युक्ती केली. फोकस जाणूनबुजून थोडा बिघडवला, त्यामुळे दोन टोकदार ठिपक्यांच्या दोन लहान चकत्या झाल्या आणि रंग एकदम स्पष्ट कळू लागले. बाबांना याचे कारण सांगावे लागले नाही. उलट त्यांनीच त्याला सांगितले की एका धाग्यावर रंग ओळखता येत नाही, त्यासाठी बोटभर तरी पट्टी लागते. चकत्यांवरही उत्तर तेच आले. उजवा निळा, डावा पांढरा.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारले तेव्हा उलगडा झाला. वयाबरोबर डोळ्यातले नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळट होत जाते आणि निळा-जांभळा प्रकाश अडवू लागते. हा बदल वर्षानुवर्षे इतका सावकाश होतो की माणसाला तो कळत नाही. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की निळे रंग अचानक उजळतात. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात अनेक रुग्णांना दोन डोळ्यांनी पांढरी भिंत वेगवेगळ्या छटेची दिसते. बाबांना भिंतीवर ते जाणवले नव्हते, किंवा जाणवूनही त्यांनी सांगितले नव्हते. आल्बिरिओवर जाणवले, कारण तिथे पिवळा नमुना शेजारीच ठेवलेला होता आणि तुलना करणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम.

डॉक्टरांचे हे बोलणे ऐकल्यावर परतीच्या वाटेवर बाबा गप्प होते. सदर ओलांडल्यावर म्हणाले, “म्हणजे शेवटच्या काही वर्षांत मिलमध्ये मी जे निळे पास केले…” आणि वाक्य तसेच सोडून दिले. पन्नाशीत हा फरक फारसा पडलेला नसतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते हे मी त्यांना पुन्हा सांगितले. त्यांना ते पटले असे दिसले नाही.

पण हे नंतरचे. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांना हंसाची चोच पुन्हा पाहायची होती. तोवर नऊ वाजून गेले होते आणि तारा पश्चिमेच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरला होता. क्षितिजाजवळच्या जाड हवेतून येणारा प्रकाश थरथरत होता, दोन्ही ठिपके पाण्यात पडल्यासारखे हलत होते आणि रंग ठरवणे शक्य नव्हते. बाबांनी दोन मिनिटांत नकार दिला. खिडकीतला उजेड गेल्यावर शेड जुळवायला बसणाऱ्या नवख्या पोरांवर ते असेच रागावत असत, असे त्यांनी मला सांगितले.

बाकीचे थोडक्यात सांगते. कृत्तिका दुर्बिणीपेक्षा साध्या द्विनेत्रीतून अधिक देखण्या दिसतात, कारण दुर्बिणीच्या लहान दृष्टिक्षेत्रात त्यांचा पुंजका मावत नाही. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ पूर्वेकडे अजून खाली होता, तरी त्यातले चार तारे वेगळे मोजता आले. माझ्या मुलाने सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच दिला आणि तो हिरवट दिसतो की राखाडी यावर त्याचे आणि आजोबांचे एकमत झाले नाही. आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ गुरू उगवून वर आला होता आणि इतका झळकत होता की मघाचे फोनवाले गृहस्थ त्याला कुणाचा तरी दिवा समजले. जाताना लाल टॉर्चच्या उजेडात आम्हाला रस्त्यापर्यंत सोडले गेले, हेडलाइट वळणापलीकडे गेल्यावरच लावायचे असे बजावून. मनसरला चहा घेतला तेव्हा टपरीवरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांना पाणी आले.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरली आहे. ती पुढे ढकलावी असा आग्रह बाबांनी तीन दिवस धरला होता; दोन्ही डोळे सारखे झाले तर तुलना कशाशी करायची, हे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले आणि मी मुळीच मान्य केले नाही. तडजोड म्हणून आम्ही २० डिसेंबरची, पुन्हा अमावास्येच्या शनिवारची, नोंदणी केली आहे. महिनाभरात प्रत्येक तारा जवळजवळ दोन तास आधी मावळू लागतो, म्हणून हंस तेव्हा अंधार पडतानाच खाली आलेला असेल आणि आल्बिरिओ पाहायला साडेसहा ते सात एवढाच वेळ मिळेल. मार्गदर्शकाला फोन करून आम्ही सांगून ठेवले आहे की आधी शनी नको, आधी हंस; आणि स्टूल लागेल.